अंड्यातून मोटारी निघतात तेव्हा

प्रश्न: चॅप्लिन, कीटन आम्हीपण आवडीने बघतो. पण माझा एक मित्र ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही असल्या मूक कॉमेड्या शोधत रात्र रात्र जागतो. चांगल्या असत्या तर लोकांच्या लक्षात राहिल्याच असत्या ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, लक्षात राहायला आधी फिल्म तर टिकायला हवी! चार्ली बोवर्सचंच घ्या. अमेरिकन माणूस, आधी कार्टून फिल्म्स करायचा, मग १९२६ पासून स्वतःच हीरो होऊन छोट्या कॉमेड्या काढल्या आणि पुढे लोक त्याला साफ विसरले. १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये तुलूजच्या फिल्म संग्रहालयाला काही जुने डबे मिळाले, वर नाव काय तर 'ब्रिकोलो', म्हणजे आपला खटपट्या म्हणा ना, आणि हा खटपट्या कोण हे शोधता शोधता बोवर्स सापडला.

आता खरं सांगतो, नट म्हणून तो यथातथाच. कीटनसारखा कोरा चेहरा करायला जातो आणि नुसता बावळट दिसतो, गोष्टही मधेमधे रेंगाळते. पण 'एग्ड ऑन' बघा. न फुटणारी अंडी बनवायचं मशीन काढायच्या नादात हा पठ्ठ्या अंडी मोटारीच्या बॉनेटखाली ठेवतो, इंजिनाची ऊब लागते, अंडी तडकतात आणि आतून टीचभर फोर्ड गाड्या निघतात! आणि ही सगळी पिलावळ तुरुतुरु पळत मोठ्या गाडीच्या पोटाखाली शिरते, कोंबडीच्या पंखाखाली शिरावी तशी. हे सगळं वस्तू केसभर सरकवायची, एक फ्रेम घ्यायची, परत सरकवायची, असं करत. (आपल्या फाळक्यांनीही १९१२ साली कुंडीतला वाटाणा असाच थोडा थोडा शूट करून मोठा होताना दाखवला होता, आणि त्याच्या जोरावर सिनेमासाठी भांडवल उभं केलं.)

चॅप्लिनची काठी-मिशी दिसली की आपण हसायला तयारच असतो. बोवर्सच्या बाबतीत तुम्हाला कुणी काही सांगून ठेवलेलं नसतं, त्यामुळे दहा मिनिटं जांभया आणि मग एकदम झाडाला मांजरं लागतात. हो, 'नाऊ यू टेल वन'मध्ये खरंच लागतात, कलम करून! असं काही अचानक हाती लागलं की मग माणूस जागतोच हो.

मित्राला 'एग्ड ऑन' लावायला सांगा, दोनच रिळांची आहे. नाही आवडली तर त्याच्या नावाने बोटं मोडा, माझ्या नको.