सेकंडहँड ४०७ वरचे आधीच्या मालकाचे जुगाड कसे सोडवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २००८ ची टाटा ४०७ (छोटा मालवाहू ट्रक) घेतली आहे, वायरिंगला जागोजागी टेप गुंडाळलेली आहे, चेसिसवर (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर) वेल्डिंगच्या पट्ट्या आहेत, चढाला इंजिन गरम होतं आणि गॅरेजवाला म्हणतोय की आधी इंजिन खोलू. पैसे मोजकेच आहेत, गाडी लवकर धंद्याला लावायची आहे, तर हात आधी कशाला घालायचा?

इंजिनाला आत्ता हात लावू नका. गाडीला पहिला जॅक लावा तो ब्रेक बघायला.

मी कोल्हापूरकडचा. गुळाच्या हंगामात माल फोंडा घाटानं खाली कणकवलीकडं नेतो, एरवी भाजीपाला असतो. २०१९ मध्ये मी २००६ ची ४०७ घेतली. रंग नवा होता, सीट कव्हर नवं होतं, ब्रेकचं पॅडल पायाखाली घट्ट लागत होतं. जोरात ब्रेक मारला की गाडी किंचित उजवीकडं ओढायची. विकणारा म्हणाला, अलाइनमेंट करून घ्या. मी करून घेतलं, तरी ओढायचीच. शेवटी मिस्त्रीला घेऊन मागची डावी चाकं उतरवली. ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं लोखंडी भांडं) काढला तर आत लायनरची, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या अस्तराची, धूळच नाही. ड्रमच्या आतल्या बाजूला विटेसारखा लाल गंज. उजवीकडचा ड्रम काढला तर तिथलं लायनर रिव्हेटला टेकलेलं. मग एक्सलवरून जाणारा ब्रेकचा पाइप हातानं चाचपत गेलो. डाव्या बाजूला तो पाइप दुमडून हातोडीनं सपाट केला होता आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट बांधली होती.

म्हणजे डावा व्हील सिलेंडर (ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा भाग) गळत होता. आधीच्यानं दोनतीनदा रबराचं किट टाकून बघितलं असणार, सिलेंडरला आतून खड्डे पडलेले, त्यामुळं किट टिकलं नाही. मग त्यानं त्या चाकाचा ब्रेकच बंद केला. गळती थांबली, पॅडल घट्ट झालं, गाडी विकली गेली. त्या गाडीत मी दीड टन माल भरून महिनाभर घाट उतरत होतो. नवा सिलेंडर एका टायरच्या किमतीपुढं काहीच नाही. आजही ते आठवलं की जीव खालीवर होतो, म्हणूनच एवढं लांबण लावून सांगतोय.

तुमच्या गाडीवर हे असं तपासा. चारही बाजू एकेक करून जॅकवर घ्या, खाली लाकडी ठोकळे द्या, हेल्परला पॅडल दाबायला सांगा आणि चाक हातानं फिरवून बघा. जे फिरतं त्याला ब्रेक नाही. नंतर सपाट रस्त्यावर, रिकाम्या गाडीनं, सावकाश चारपाच किलोमीटर जाऊन थांबा आणि प्रत्येक ड्रमजवळ हात न्या. एखादा गार असेल तर तो काम करत नाही, एखादा चटका देत असेल तर तो चिकटतोय. इंजिन बंद ठेवून पॅडल पाचसहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पॅडल थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा), त्याचा पाइप किंवा ऑल्टरनेटरच्या मागचा व्हॅक्युम पंप बघा. त्या पंपाला इंजिन ऑइलची नळी जाते, ती गळते का तेही तेव्हाच बघून घ्या. आणि ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा. कुणी घाईत त्यात इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतलं असेल तर रबराचे सगळे वॉशर फुगलेले असतात. तसं दिसलं तर एकेक बदलत बसू नका, पॅडलकडच्या मास्टर सिलेंडरपासून चारही चाकांपर्यंतचं रबर एकदम बदला.

पण रुपया घालण्याआधी फुकटात होणारी दोन कामं करा. पहिलं कागदांचं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंबराच्या आसपास ग्राइंडर फिरलाय, वेल्डिंग झालंय, लांबी (पुट्टी) भरलीय असं दिसलं तर तिथंच थांबा, आधी आरटीओत विचारा. फायनान्सचा बोजा उतरलाय का (फॉर्म ३५), ट्रान्सफरचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म झालेत का, पर्यावरण कर भरलाय का, जुनी चलनं बाकी आहेत का. आठ वर्षांपुढच्या ट्रकला पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी असतं, त्यामुळं या गोष्टी वर्षाच्या आत पुढं येतातच.

दुसरं चेसिस. माझ्या मते गाडी ठेवायची की विकायची हे इंजिनावर नाही, चेसिसवर ठरतं. इंजिन बांधता येतं, दुसरं बसवता येतं. चेसिस पिळलेली असेल तर त्यावर केलेला प्रत्येक खर्च वाया.

गाडी सपाट कोब्यावर उभी करा. गवंड्याचा ओळंबा घ्या. पुढच्या आणि मागच्या पाट्यांच्या (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) ब्रॅकेटवर दोन्ही बाजूंना सारख्या जागा धरून ओळंबा सोडा आणि खाली खडूनं खुणा करा. गाडी बाजूला घेऊन खुणांमधली तिरपी मापं टेपनं घ्या. दोन्ही तिरपी मापं जुळली पाहिजेत. पाचसात मिलिमीटरचा फरक तुमच्या खुणा करण्यातलाही असू शकतो, म्हणून दोनदा मोजा. बोटभर फरक आला तर चेसिस तिरकी झालीय.

मग वेल्डिंगच्या पट्ट्या. चेसिसला नुकताच काळा रंग मारला असेल तर तो पट्ट्यांच्या आसपास तारेच्या ब्रशनं खरवडून काढा. तिथं रॉकेल किंवा डिझेल फडक्यानं चोळा, दहा मिनिटं थांबा, कोरडं पुसून घ्या आणि वर खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर केसासारखी ओली रेघ उमटते. माझ्या गाडीला मागच्या पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ (पाटा चेसिसला अडकवतात तिथं) अशी रेघ उमटली, आणि ती बरोबर आधीच्या पट्टीच्या टोकापासून निघाली होती. तडा बुजवायला मारलेल्या पट्टीनंच नवा तडा दिला होता. त्याचं कारण असं की चेसिस ही थोडी लवत राहण्यासाठीच बनवलेली असते. पट्टी मारली की तेवढा भाग ताठ होतो आणि सगळा ताण पट्टी संपते तिथं येतो. त्यात वेल्डर पट्टीच्या टोकाला चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या काठावर आडवं वेल्डिंग मारतो. लोखंड तिथंच तापून कमजोर होतं आणि ताणही तिथंच सगळ्यात जास्त असतो.

हे काम चांगल्या बॉडी बिल्डरकडं किंवा जड वाहनांच्या वेल्डरकडं द्या आणि स्वतः समोर उभे राहा. आधी जुनी पट्टी पूर्ण काढायला लावा. तिच्यावर दुसरी पट्टी मारतो म्हणाला तर दुसरा वेल्डर बघा. तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडून तडा थांबवायचा, तडा ग्राइंडरनं व्ही आकारात खोलायचा, भरायचा, मग आतून प्लेट, तीही टोकांना निमुळती केलेली. काठावर आडवं वेल्डिंग अजिबात नाही. शक्य तिथं रिव्हेट किंवा हाय टेन्साइल बोल्ट. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ऑल्टरनेटरच्या वायरी सोडायला विसरू नका.

तिथंच खाली आहात तर पाटेही बघून घ्या. जास्त माल भरायला कुणी एखादा पाटा वाढवला असेल आणि यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे बोल्ट) जुनेच ठेवले असतील तर नटाला आटे पुरत नाहीत आणि पाटे नीट आवळले जात नाहीत. मग पाटे मध्ये एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल सरकतो. वाढवलेला पाटा मी काढून टाकला. आरसीवर जेवढं वजन लिहिलंय तेवढंच भरायचं असं ठरवलं की त्याची गरज राहत नाही.

आता वायरिंग. माझ्या गाडीत ॲक्सिलरेटरची केबल वारंवार जड व्हायची. दोनदा बदलली. तिसऱ्यांदा काढली तेव्हा बाहेरचं प्लास्टिक वितळून आतल्या तारेला चिकटलेलं दिसलं, आणि ते सायलेन्सरजवळ नव्हे तर केबिनच्या बाजूला. आमच्याकडचा एक म्हातारा वायरमन आहे, त्यानं केबल हातात घेतली, वास घेतला आणि विचारलं, "इंजिनाची अर्थिंग कुठाय?" नव्हतीच. इंजिन कधीतरी उतरवलं होतं, पुन्हा बसवताना चेसिस आणि इंजिनामधली अर्थिंगची जाड पट्टी कुणी लावलीच नाही. सेल्फ (स्टार्टर) मारला की एवढा मोठा करंट परतीची वाट शोधायचा आणि त्याला ती पातळ केबल सापडायची. तीन केबली, एक सेल्फ मोटर आणि एक बॅटरी त्या एका पट्टीपायी गेली होती.

म्हणून तुम्ही वायरिंगची सुरुवात अर्थिंगपासून करा. मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर स्वच्छ जागी धरा आणि सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग खराब आहे. गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट आले पाहिजेत. फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा खिळा असेल तर तो काढून योग्य फ्यूज टाका. तो उडाला तर आनंद माना, कारण शॉर्ट कुठल्या लाइनवर आहे ते कळलं. टेपचे जोड एकेक करून सोडवण्यात मी तीन रविवार घालवले आणि नंतर तयार नवा हार्नेस (वायरींचा अखंड जुडगा) आणला. हार्नेसमध्ये दहाबारापेक्षा जास्त जोड असतील तर तुम्ही ते तीन रविवार वाचवा, सरळ नवा टाका.

इंजिन गरम होण्याचं बोलू. गॅरेजवाल्याला एवढंच विचारा, थर्मोस्टॅट (पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) आहे का? आपल्याकडं गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धतच पडलीय. त्यामागची समजूत अशी की पाणी मोकळं फिरलं की इंजिन थंड राहतं. पण बायपासची (रेडिएटरला वगळून पाणी परत इंजिनात नेणारी) वाट असलेल्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडला की बायपासची वाट झाकतोही. तो काढला की गरम पाण्यातलं बरंचसं रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं. सपाटीला इंजिन नको तेवढं थंड, चढाला लोड आला की गरम. तुम्ही लिहिलेलं लक्षण हेच आहे.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीच नाही, चेहरा भाजतो. आत पिवळसर गाळ दिसला तर ती हळद असू शकते. गळती बुजवायला रेडिएटरमध्ये हळद टाकणारे ड्रायव्हर पुष्कळ आहेत. हळद भोक बुजवते तशी रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी भरलं असेल तर क्षाराचा थर वेगळाच. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, नवा थर्मोस्टॅट, नवं झाकण, फॅन बेल्टचा ताण, आणि कूलंट. एवढं करूनही गरम झाली, किंवा इंजिन सुरू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाळ दिसत असेल, तेव्हा हेड (इंजिनाचा वरचा झाकणासारखा भाग) खोला. खोललंच तर हेड टर्नरकडं नेऊन सपाटी तपासल्याशिवाय नवं गॅस्केट (हेडखालचं सील) बसवू नका. माझं हेड मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात नेलं होतं, तिथं पट्टी लावून मध्ये किती वाकलंय ते डोळ्यांदेखत दाखवलं. आधीच्यानं त्याच वाकड्या हेडखाली दोन गॅस्केटं एकावर एक घातली होती.

काळा धूर असेल तर डिझेल पंपाचं शिशाचं सील बघा. तुटलेलं असेल तर कुणीतरी ताकद वाढवायला स्क्रू फिरवलाय. रस्त्यात अंदाजानं परत फिरवू नका, पंप उतरवून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करून आणा, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे भाग) सोबत न्या.

केबिनच्या पत्र्याला चुंबक लावत फिरा. जिथं चिकटत नाही तिथं लांबी भरलीय आणि खाली बहुतेक गंज आहे. पण ते काम शेवटचं. हौदा, फाळका, रंग यावर पहिल्या वर्षी मी काही घातलं नाही.

मला हे सगळं करायला साडेचार महिने लागले, त्यातले दोन महिने गाडी उभीच होती आणि हप्ता चालू होता. ते दिवस अवघड गेले, तुम्हालाही जातील. पहिल्यांदा अर्धाच माल भरून फोंडा घाट उतरलो, खाली गाडी बाजूला घेतली आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन बघितला. चारही सारखे कोमट होते. मी तिथंच घरी फोन केला.

तुम्ही चेसिसच्या पट्ट्यांचे फोटो टाका, रंग खरवडून, जवळून, पट्टीची दोन्ही टोकं दिसतील असे. आणि तिरप्या मापांचे आकडे लिहा. ते बघितल्यावर गाडी ठेवावी की नाही याबद्दल मला नेमकं सांगता येईल. तोवर रिकामी असली तरी ती घाटात नेऊ नका.