नागपुरात ५० सीसीचं मोठं आरसी (रिमोटवर उडणारं) विमान एकट्यानं बांधून उडवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात राहता, दोन वर्षं फोमची इलेक्ट्रिक विमानं उडवून हात बसलाय, आता ५० सीसी पेट्रोल इंजिनचं, सात-साडेसात फुटी पंखांचं विमान घरी बांधायचंय. एकट्यानं जमेल, की क्लब गाठावाच लागेल?

बांधणं एकट्यानं जमेल. उडवायला दुसरा माणूस लागतो, आणि नुसता सोबतीला आलेला मित्र असून भागत नाही. त्याला शेपटी धरता आली पाहिजे.

फोमच्या विमानाला बॅटरी जोडली, हातातून सोडलं की झालं. ५० सीसीचं इंजिन प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, हातानं फिरवून सुरू करावं लागतं. बावीस-तेवीस इंची लाकडी प्रॉप, आणि तुमचे हात त्याच्या पुढ्यात. चोक बंद, इग्निशन चालू, दोन-चार झटक्यांत इंजिन एकदा 'फट्' करतं, मग चोक उघडून पुन्हा झटका, आणि ते पकडतं. त्या वेळी चुकून थ्रॉटल वर राहिला असेल तर? पूर्ण थ्रॉटलला या वर्गातली इंजिनं विमानाच्या वजनापेक्षा जास्त ओढतात. मागे बसून धड दोन्ही हातांनी धरून ठेवणारा माणूस नसेल, तर विमान सरळ तुमच्या अंगावर येतं. दोरीनं खुंटीला बांधून सुरू करणारे लोक आहेत. पण दोरीला आवाज ऐकू येत नाही. शेपटी धरणाऱ्याला इंजिन कुठे अडखळतंय ते ऐकू येतं, एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीच्या आडव्या हलत्या पाटीची, थरथर हाताला कळते, आणि तो "थांब" म्हणू शकतो.

मी हिंगणा एमआयडीसीत टूलरूमला आहे, अकरा वर्षांपासून मोठी विमानं बांधतोय. त्यात एकदाच क्लबला सोडून एकटा गेलो. डिसेंबरचा रविवार होता, आमचे सगळे एका लग्नाला अमरावतीला गेले होते आणि मला सुटी वाया घालवायची नव्हती. विमान ३० सीसीचं. आदल्या रात्री उजव्या एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची हलती पाटी) सर्व्होचा, म्हणजे ती हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, आर्म काढून एक दाता पुढे बसवला होता आणि मधला स्क्रू लावायचा राहिला. जमिनीवर रिमोटची स्टिक हलवून पाहिली, एलेरॉन बरोबर हलला, कारण आर्म दाबून बसवलेला होता. पाचव्या मिनिटाला खालून वेगानं पास काढला तेव्हा आर्म निसटला. मोकळा झालेला एलेरॉन फडफडायला लागला, 'घर्रर्र' असा आवाज आला आणि पंख मुळातून मोडला. विमान शेजारच्या तुरीत पडलं. तिथून चाळीस पावलांवर बाया कापूस वेचत होत्या.

कुणाला काही झालं नाही. पण त्या चाळीस पावलांनी मला बदललं. घरी येऊन हिशोब मांडला होता, तो तुम्हीही मांडून बघा. आठ किलोचं विमान ताशी ९० किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला २५ मीटरनं जात असेल, तर त्यात अडीच हजार ज्यूल ऊर्जा असते. ताशी १४० किलोमीटरनं टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सव्वाशेच्या आत. म्हणजे वीस चेंडू एकाच जागी, आणि वर फिरता प्रॉप. तुमचं फोमचं विमान आणि हे विमान यांतला फरक आकाराचा नाही, या आकड्याचा आहे.

आमच्या क्लबात एक काका आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते स्वतः आता फारसं उडवत नाहीत, पण दुसऱ्याच्या प्रत्येक विमानाला हात लावतात. स्टिकवर त्यांचा भरवसा नाही. एलेरॉन, एलिव्हेटर, रडर एकेक बोटांत धरून हलकेच ओढतात आणि सर्व्होच्या बाजूला कान नेतात. त्या रविवारी ते असते तर "काऊन गा, हा स्क्रू दिसत नाही मले" एवढं म्हणाले असते आणि माझं विमान वाचलं असतं. आपण स्वतः बांधलेल्या वस्तूत डोळ्याला जे असायला हवं तेच दिसतं, जे आहे ते दिसत नाही. क्लबची गरज माझ्या लेखी एवढ्यासाठी आहे. धावपट्टी, तंबू, वर्गणी हे सगळं त्यानंतर.

आता बांधणीकडे. जगभर मोठं विमान म्हणजे 'जायंट स्केल' मोजायची रूढ पद्धत अशी: एकपंखी असेल तर ८० इंच किंवा जास्त पंखविस्तार, दुपंखी असेल तर ६० इंच, किंवा मग खऱ्या विमानाच्या पाव मापाचं. पहिलं विमान तुम्ही पाव मापाचं पायपर कब घ्यावं असं मला वाटतं. खऱ्या कबचा पंखविस्तार ३५ फूट ३ इंच, म्हणजे तुमचं पावणेनऊ फुटांचं होईल. पंख वर, वेग कमी, चुका माफ करणारं. त्याला ५० सीसीसुद्धा लागत नाही, ३० पुरतं. व्हिडिओ बघून लोक ॲरोबॅटिक विमानानं सुरुवात करतात, आणि पहिल्याच लँडिंगला चाकांचा गिअर उपटतात.

नागपुरात बांधायचं म्हटलं की पहिला शत्रू कूलर. उन्हाळ्यात आपण सगळे कूलरसमोर बसतो, आणि कूलर खोलीत ओल भरतो. बाल्सा, म्हणजे विमानाचं हलकं लाकूड, ती ओल पितं. माझ्या एका पंखाच्या रिब्ज, म्हणजे आतल्या फासळ्या, अशाच खोलीत चिकटवल्या, पावसाळ्यानंतर काढून बघतो तर टोकाला पंख अर्ध्या इंचानं पिळलेला. हीट गननं सरळ केला, पण मनातून ते विमान उतरलं. एप्रिल ते जूनमध्ये पंख बांधायचाच असेल तर पहाटे बांधा, कूलर बंद ठेवून, आणि शीट सपाट फळीवर वजन ठेवून वाळवा.

इपॉक्सीचंही तेच. तीस मिनिटांचं म्हणून घेतलेलं इपॉक्सी मे महिन्यात निम्म्या वेळात पकडायला लागतं. फायरवॉल, म्हणजे इंजिन बसतं ती प्लायची भिंत, याच जोडावर अख्खं इंजिन लटकलेलं असतं. तिथं पाच मिनिटांचं इपॉक्सी कधीच वापरू नका. कडेला त्रिकोणी लाकडी पट्ट्या आणि आरपार खुंट्या हव्यातच. इंजिनची थरथर वर्षभरात कच्चा जोड शोधून काढते.

लाकडी प्रॉपचे बोल्ट दर रविवारी पान्यानं तपासा. कोरड्या उन्हात लाकूड आकसतं आणि मागच्या आठवड्यात घट्ट असलेला बोल्ट या आठवड्यात अर्धा फेरा ढिला होतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, आपल्याकडे ती दर आठवड्याची आहे.

पेट्रोलचं सांगतो. एका लिटरला ३३ मिली चांगलं सिंथेटिक टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे तीसास एक. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणून संध्याकाळी घरी येताना टाकी रिकामी करायची आणि कार्ब्युरेटरमधलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवून संपवायचं. नाहीतर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि इंजिन हवेत श्वास सोडतं. नळी पेट्रोलसाठी असलेलीच घ्या. मिथेनॉलवर चालणाऱ्या ग्लो इंजिनची सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि निसटते.

इग्निशनची बॅटरी वेगळी, रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरची वेगळी, आणि रिसीव्हरला दोन असतील तर उत्तम. इग्निशन आणि रिसीव्हर यांत निदान फूटभर अंतर ठेवा. थ्रॉटलची दांडी धातूची नको, कारण धातूवर धातू घासला की रेडिओत गडबड होते. रेंज चेक, म्हणजे सिग्नल लांबून पोचतो का ते, दोनदा: एकदा इंजिन बंद, एकदा चालू, तीस पावलांवरून. आणि सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप आयडलला किंवा बंद झालं पाहिजे, हा फेलसेफ ट्रान्समीटर (हातातला रिमोट) बंद करून स्वतः बघायचा. अर्थात शेपटी कुणीतरी धरलेली असताना.

सीजी, म्हणजे विमान जिथं तोलून राहतं तो बिंदू, आराखड्याच्या कागदावरच्या खुणेवर आणा, त्याच्या मागे एक सेंटिमीटरही नाही. नाक जड असलेलं विमान वाईट उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं.

जागेबद्दल. ड्रोन नियम २०२१ च्या २५ ऑगस्टला लागू झाले. त्यात २५ किलोपर्यंतचं, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी, डोळ्यांना दिसेल एवढ्या टप्प्यात उडवलं जाणारं विमान 'मॉडेल' या वर्गात येतं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण आकाशाचे रंग, म्हणजे कुठे किती उडवता येतं ते दाखवणारे विभाग, मॉडेललाही लागू आहेत. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त ६० मीटर, त्यावर गेलात तर एटीसीची, म्हणजे विमानतळाच्या हवाई नियंत्रण कक्षाची, परवानगी. आपलं विमानतळ सोनेगावला, शहराला चिकटून, शिवाय वायुसेनानगर आहे. त्यामुळे शहराचा मोठा भाग या १२ किलोमीटरमध्ये येतो. कस्तुरचंद पार्क किंवा रेशीमबागेच्या मैदानावर मोठं विमान न्यायचा विचारही करू नका. तिथं माणसं असतात, हे एकच कारण पुरे आहे. तिसऱ्या पक्षाचा विमा काढा. नियमात तो आहेच, पण ती चाळीस पावलं आठवली की नियम नसता तरी मी काढला असता.

म्हणून आम्ही शहराबाहेर, शेतमालकाला विचारून केलेल्या पट्टीवर उडवतो. आपली काळी माती पावसात चाकाला धरून बसते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की चाक भेगेत जातं, त्यामुळे पट्टीवर मुरूम टाकून दाबून घ्यावा लागतो. हाय टेन्शन लाइन कुठून जाते ते आधी चालत जाऊन बघायचं. हवेत असताना तारा दिसत नाहीत, खांब दिसतात.

आणि मे महिन्यात दुपारी उडवू नका. ४५ अंशांत आपल्या तीनशे मीटर उंचीवर हवेची घनता प्रमाण १.२२५ वरून सुमारे १.०७ किलो प्रति घनमीटरवर येते. इंजिनची ताकद त्याच प्रमाणात, आठव्या हिश्शानं कमी होते आणि ज्याच्या खाली विमान हवेत टिकत नाही तो वेग सात टक्क्यांनी वाढतो. हिवाळ्यात जिथं अलगद उतरायचं, तिथंच ते धपकन बसतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्य उगवल्यापासून वारा सुटेपर्यंतचे दोन-अडीच तास, हा आपला हंगाम. मकर संक्रांतीच्या आसपास मात्र नाही, तेव्हा आकाश पतंगांचं आणि मांजाचं असतं.

खर्चाचा नेमका आकडा देत नाही, रोज बदलतो. रेडिओ धरला नाही तरी ५० सीसीचं विमान लाखाच्या पुढे जातं एवढं धरून चाला. पैसे वाचवायचे तर लाकडात, कव्हरिंगमध्ये वाचवा. सर्व्हो आणि बॅटरीत नाही.

माझ्या टेबलावर सध्या एचटी-२ आहे, पाव मापाचं. १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं, हिंदुस्तान एअरक्राफ्टचं प्रशिक्षण विमान. आपल्या वायुसेनेचे कितीतरी वैमानिक त्याच्यावर शिकले आणि ते ज्यांच्या हाताखाली आकाराला आलं ते डॉ. विष्णू माधव घाटगे कोल्हापूरकडचे. कबचे, मस्टँगचे तयार किट जगात शेकड्यानं मिळतात. याच्या रिब्ज मात्र मी आराखड्यावरून काढून प्लायवर लेझरनं कापून घेतल्या आणि बसवताना तिसरी रिब चुकली म्हणून सगळ्या पुन्हा कापल्या. पंखविस्तार २.६८ मीटर होतोय. दोन वर्षं झाली, काका दर महिन्याला घरी येतात, काही न बोलता एलिव्हेटरचे बिजागर ओढून बघतात आणि चहा घेऊन जातात. या हिवाळ्यात पहिलं उड्डाण करायचं आहे.

तर तुम्ही इंजिन विकत घ्यायच्या आधी जवळच्या क्लबच्या पट्टीवर या, तीन-चार रविवार, स्वतःचं विमान न आणता. कुणीतरी तुम्हाला मागे बसवेल आणि धरायला सांगेल. सकाळी साडेसहाला पोचा. पायात बूट हवेत, चप्पल नको. आणि उन्हासाठी दुपट्टा आणलात तर तो गाडीतच ठेवा, प्रॉपजवळ गळ्यात लोंबतं कापड चालत नाही.