पहिल्या दिवाळीत सासरी गर्दी असताना अंगावरचं दूध कमी पडतंय असं वाटलं तर पावडरचा डबा आणून ठेवावा का?

ताई, मुलगी तीन महिन्यांची, दिवाळीला खानापूरहून निपाणीला सासरी जायचंय, घर भरलेलं. गणपतीत पाहुण्यांसमोर "संध्याकाळी तुला दूधच नसतं" हे ऐकून घेतलंत, म्हणून डबा आताच आणावा का, असं विचारताय. नका आणू. मी बेळगावात शहापूरला राहते, एकत्र कुटुंबात दोन मुलांना पाजून मोठं केलंय, आणि याबाबत माझं मत पक्कं आहे.

बाळ जेवढं ओढतं तेवढं दूध बनतं. सणात दूध कमी होतं ते बहुतेक वेळा पाजणं चुकल्यामुळे. बाळ चुळबुळ करायला लागतं, तुमचे हात करंजीच्या पिठात. "एवढी लाटी झाली की आले," म्हणता. तोवर काकू बाळाला उचलून अंगणात नेतात, आकाशकंदील दाखवतात, खांद्यावर थोपटतात, आणि ते उपाशीच झोपतं. असं दिवसातून तीनदा झालं, चार दिवस चाललं, की अंगाला वाटतं आता एवढं दूध नको.

संध्याकाळचं मात्र वेगळं आहे. या वयाची पुष्कळ बाळं संध्याकाळी तासाभरात दोन-तीनदा मागतात आणि छाती तेव्हा मऊ लागते. मऊ म्हणजे रिकामी नव्हे. लक्ष्मीपूजन नेमकं त्याच वेळेला येतं, म्हणून सगळ्यांसमोर बाळ रडतं आणि बोल तुम्हाला लागतो. खरी खूण वजनाची आणि शूची. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होतात आणि वजन वाढतंय, तर दूध पुरतंय. भरल्या घरात लंगोट दहा जण बदलतात आणि हिशेब राहत नाही. ओल्या लंगोटांना वेगळी बादली ठेवा, म्हणजे वाद झाला तर मोजून दाखवता येतील.

घरातलं एक माणूस आपल्या बाजूला घ्या. माझ्याकडे आतेसासूबाई होत्या. दारात पाट टाकून बसायच्या आणि येईल त्याला सांगायच्या, "आत बाळ पितंय, चहा घेऊन या तोवर." सासूबाईंना पटवायचं तर वसुबारसेचा विषय काढा. गाय-वासराची पूजा करणाऱ्या घरात वासराला आधी पिऊ द्यायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. तळणाला उभं राहू नका. बसून करायची कामं मागून घ्या, ती अर्धवट टाकून उठता येतं.

अभ्यंगाच्या दिवशी उटणं, सुगंधी तेल छातीला लावू नका. काही बाळं अनोळखी वासाने तोंड फिरवतात. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय साखरपाणी, घुटी काही नको, आणि मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बाळाला बॉटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. चाटवायला आलेल्या मावशीला "डॉक्टरांनी मनाई केलीय" एवढंच सांगा.

प्रवासाचं थोडक्यात. कर्नाटकात बायकांना बसप्रवास फुकट करणाऱ्या शक्ती योजनेपासून लाल बसला बायकांची गर्दी असते, त्यात सण. बेळगाव स्टँडवर बस बदलण्याआधी निवांत बसून पाजून घ्या, पुढच्या गाडीत खिडकीची जागा आणि सुती ओढणी. पूजेला तासभर बसायचंच असेल तर दूध काढून उकळलेल्या स्टीलच्या भांड्यात झाकून ठेवा. थंड खोलीत 4 तास, फ्रिजमध्ये 4 दिवस चालतं. गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, गॅसवर नको. पाजायला वाटी-चमचा किंवा बोंडलं.

एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. पाजणं लांबलं की छाती दाटते, गाठ धरते. त्या बाजूनेही पाजत राहा, मग थंड पाण्याची घडी ठेवा, जोरात चोळू नका. जागा लाल, गरम झाली, थंडी वाजून ताप आला आणि दिवसभरात उतरला नाही तर दवाखाना गाठाच. औषध सुरू झालं तरी सहसा पाजणं थांबवावं लागत नाही, डॉक्टरांना स्तनपान चालू असल्याचं सांगा. पाडव्याला बरेच दवाखाने बंद असतात, त्यामुळे निपाणीत त्या दिवशी कोण डॉक्टर भेटतील हे निघण्याआधीच नवऱ्याला विचारून ठेवायला सांगा.