वाचकांचे प्रश्न : खेळ, पदे आणि दहावीचे वर्ष

प्रश्न : माझी मुलगी दादरमधील मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. ती सहावीपासून शाळेच्या खो-खो संघात खेळते, आरएसपी (रस्ता सुरक्षा दल) पथकाची प्रमुख आहे, विज्ञान मंडळात आहे आणि यंदा विद्यार्थी मंत्रिमंडळात सांस्कृतिक मंत्री म्हणून निवडून आली आहे. जूनमध्ये ती दहावीत जाईल. क्लासच्या सरांनी आम्हाला बोलावून ‘हे सगळे आता बंद करा’ असे सांगितले आणि तिच्या वडिलांचेही तेच मत आहे. मुलगी मात्र खो-खो सोडायला तयार नाही. घरात रोज वाद होतात. आम्ही काय करावे?
— एक आई, दादर

उत्तर : आपण चार गोष्टी एका दमात लिहिल्या आहेत आणि क्लासच्या सरांनीही त्या एकत्रच बंद करायला सांगितल्या आहेत. माझी पहिली विनंती अशी की, त्या चारही सुट्या करून पाहाव्यात. प्रत्येकीला लागणारा वेळ वेगळा आहे, तो वर्षाच्या वेगळ्या महिन्यांत लागतो आणि मुलीच्या मनातही चारही गोष्टींना सारखे स्थान नाही. हे आपल्या पत्रातील एका वाक्यावरूनच दिसते, कारण ती अडून बसली आहे ती फक्त खो-खोसाठी.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाच्या शालेय स्पर्धा, ज्यांना मुले सरळ ‘डीएसओ’ म्हणतात, पहिल्या सत्रात सुरू होतात. जिल्हा पातळीवर हरलेल्या संघाचा हंगाम बहुधा दिवाळीच्या आतच आटोपतो. संघ जिंकून विभाग आणि राज्य पातळीवर गेला, तरच तो पुढे लांबतो. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणजे दहावीचे अख्खे वर्ष खेळात जाईल अशी जी धास्ती घरात बसली आहे, तिला वेळापत्रकाचा आधार नाही. आपण क्रीडाशिक्षकांना भेटून सराव आठवड्यातून किती दिवस, किती वाजता आणि कोणत्या महिन्यापर्यंत असतो हे विचारून घ्यावे आणि ते क्लासच्या वेळापत्रकाशेजारी लिहून काढावे. पुष्कळ घरांत हा वाद ‘खेळ की अभ्यास’ अशा मोठ्या शब्दांत चालतो आणि प्रत्यक्षात मंगळवारचा क्लास सहाऐवजी सातला घेता येईल का, एवढ्या प्रश्नावर तो मिटू शकतो.

राज्य मंडळ दहावीच्या खेळाडू विद्यार्थ्यांना सवलतीचे गुण देते, हे आपल्याला माहीत असेलच. स्पर्धेची पातळी आणि तिथली कामगिरी यांवर ते ठरतात आणि जास्तीत जास्त 25 असतात. त्यांचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो, त्यामुळे मूळ प्रमाणपत्रे जपून ठेवणे आणि प्रस्तावाची मुदत शाळेत वेळीच विचारून घेणे हे काम पालकांनी करावे, मुलीवर सोडू नये. तथापि या गुणांसाठी तिला खेळू द्या, असे मी म्हणणार नाही. गुण मिळाले तर चांगलेच, परंतु जी मुलगी चार वर्षे खो-खोच्या पाटीवर बसली आहे, तिचा खेळ केवळ गुणांच्या हिशेबात मोजला, तर आपण तिला काय शिकवतो याचाही विचार व्हायला हवा.

खो-खोविषयी थोडे अधिक लिहितो, कारण हा खेळ न खेळलेल्या पालकांना तो नुसती पळापळ वाटतो. आक्रमण करणाऱ्या संघाचे नऊ जण मैदानात असतात. त्यांतील आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून पाटीवर बसतात आणि एकच खेळाडू पाठलाग करतो. आपल्याला खो केव्हा मिळेल हे ठाऊक नसताना पूर्ण लक्ष देऊन बसून राहायचे, खो मिळताच क्षणात उठायचे आणि खो मिळण्याआधी उठलो तर संघाचे नुकसान होते हे लक्षात ठेवायचे, हे त्या वयात सोपे नसते. दिल्लीत जानेवारी 2025 मध्ये या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. आपल्या मुलीच्या डोळ्यांसमोर हे चित्र असणार. तिचा हट्ट लहान मुलीचा नाही, तो खेळाडूचा आहे. तिच्या वडिलांनी निर्णय घेण्यापूर्वी तिचा एक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावा, असे मला मनापासून वाटते.

आता पदांविषयी. सांस्कृतिक मंत्र्याचे खरे काम स्नेहसंमेलनाच्या सुमारास येते आणि ते दिवस डिसेंबर-जानेवारीचे, म्हणजे दहावीच्या सराव परीक्षांचे असतात. यंदा नववीत ते काम तिने पूर्ण मनाने करावे, पुढील वर्षी मात्र निवडणुकीला उभे राहू नये. आरएसपीचे प्रमुखपद तिने वर्ष संपण्याआधीच आठवीतील एखाद्या मुलीकडे सोपवायला घ्यावे. शाळा सुटताना फाटकापाशी कोणी कुठे उभे राहायचे, बसगाड्या कोणत्या बाजूने वळतात, पावसात काय अडचणी येतात, हे सारे एका वहीत लिहून त्या मुलीला पंधरवडाभर सोबत घेऊन शिकवावे. पद मिळवण्याचे कौतुक शाळांमध्ये फार होते, परंतु ते नीट सोपवण्याचे शिक्षण क्वचितच दिले जाते आणि माझ्या मते नेतृत्वाची परीक्षा तिथेच होते. विज्ञान मंडळाचा निर्णय तिच्यावरच सोडावा.

एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर, केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. मंत्रिपद किंवा पथकप्रमुखपद यांमुळे गुणवत्ता यादीतील क्रमांक बदलत नाही. म्हणून क्लासच्या सरांची काळजी खोटी नाही. फक्त ‘चाचणीत गुण कमी पडले तर खो-खो बंद’ अशी अट घालू नये. त्या अटीमुळे मुली अभ्यासाला लागत नाहीत, गुणपत्रिका लपवायला शिकतात. गणित मागे पडले असेल, तर गणितासाठी वेळ काढावा आणि तो कुठून काढायचा हे तिच्याशी बसून ठरवावे.

प्रश्न : मुलगा पवईतील आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत अकरावीत आहे. त्याला पदवीसाठी अमेरिकेत जायचे आहे. एका सल्लागारांनी सुचवले आहे की, त्याने एखादी सामाजिक संस्था स्थापन करावी, दोन-तीन क्लबांचे अध्यक्षपद घ्यावे आणि एखादा खेळही दाखवावा. तो लहानपणापासून फक्त तबला शिकतो आणि इमारतीतील कामगारांच्या मुलांना रविवारी गणित शिकवतो. एवढे पुरेल का?
— एक वडील, पवई

उत्तर : अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे ज्या ‘कॉमन ॲप’मार्फत अर्ज घेतात, त्यात उपक्रमांसाठी दहाच जागा असतात आणि प्रत्येक उपक्रमाचे वर्णन 150 अक्षरचिन्हांत बसवावे लागते. सोबत तो उपक्रम नववी ते बारावीपैकी कोणत्या इयत्तांत केला, आठवड्याला किती तास आणि वर्षाला किती आठवडे दिले, हेही भरावे लागते. तिथले एमआयटी विद्यापीठ तर स्वतःच्या अर्जात चारच उपक्रम विचारते. अर्जाची ही रचनाच सांगते की, तिथे संख्येपेक्षा सातत्य आणि दिलेला वेळ पाहिला जातो. अकरावीत एकाएकी स्थापन झालेली संस्था आणि तिचा सोळा वर्षांचा संस्थापक असे अर्ज तपासणाऱ्यांनी भरपूर पाहिलेले असतात.

आपल्या मुलाजवळ अनेक वर्षांचा तबला आहे आणि दर रविवारी त्याची वाट पाहणारी मुले आहेत. या दोन गोष्टी त्याने अधिक खोलवर न्याव्यात. ती मुले कोणत्या इयत्तेत आहेत, काम संपून कुटुंब दुसऱ्या बांधकामावर गेले की त्यांची शाळा सुटते का, भागाकार कुठे अडतो, याची नोंद तो ठेवत असेल, तर त्यातून अर्जासोबतच्या त्याच्या निबंधालाही खरा विषय मिळेल. मात्र अर्जासाठी म्हणून त्या मुलांची छायाचित्रे काढू नयेत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तो इथेच राहणार असेल, तर हिशेब निराळा आहे. आयआयटीत बी.टेक.चा प्रवेश जेईईवर होतो. आयआयटी मद्रासने 2024-25 पासून खेळाडूंसाठी प्रत्येक अभ्यासक्रमात दोन अधिसंख्य (नेहमीच्या जागांव्यतिरिक्त) जागा सुरू केल्या आहेत, पण त्यांसाठीही जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावे लागते.

प्रश्न : मी भांडुपला राहतो आणि आठवीत आहे. मला कोणताही खेळ चांगला येत नाही. भाषणाला उभा राहिलो की आवाज फुटत नाही. वर्गातील मुलांकडे कराटे, वक्तृत्व, स्काऊट यांची प्रमाणपत्रे आहेत, माझ्याकडे एकही नाही. टीव्हीवर क्रिकेटचा सामना असला की मी वहीत प्रत्येक चेंडू लिहितो, एवढीच आवड आहे. आई म्हणते की, निदान मॉनिटरच्या निवडणुकीला उभा राहा. राहू का?
— एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर : वर्गाचे काम करावेसे वाटत असेल, तर जरूर उभा राहा. केवळ प्रमाणपत्र नाही म्हणून उभा राहणार असशील, तर राहू नकोस. तुझ्या पत्रात मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती तुझी वही.

मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये 16 वर्षांखालील मुलांची हॅरिस शील्ड आणि 14 वर्षांखालील मुलांची गाइल्स शील्ड या दोन स्पर्धा शंभराहून अधिक वर्षे चालत आल्या आहेत. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्स हायस्कूलविरुद्ध 664 धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद 326 आणि विनोद नाबाद 349. हे आकडे आज मुंबईतील मुलांना तोंडपाठ असतात, ते मैदानाच्या कडेला बसून कोणीतरी चेंडूमागून चेंडू नोंदवत होते म्हणून. त्या कामाला स्कोअरर लागतो आणि शाळेच्या संघाला तो हवाच असतो.

घरी टीव्हीसमोर लिहिणे आणि मैदानावर लिहिणे यांत मोठे अंतर आहे. तिथे पडद्यावर आकडे येत नाहीत. पंचाने खूण केली की ती कळल्याचे हात वर करून दाखवावे लागते, बाय आणि लेगबाय वेगळे नोंदवावे लागतात आणि दुसऱ्या संघाच्या स्कोअररशी आकडे वरचेवर ताडून पाहावे लागतात. ताळा जमला नाही, तर चूक शोधून सांगावी लागते, मग समोर वयाने मोठे कोणी का असेना. भाषणाला न फुटणारा तुझा आवाज अशा वेळी फुटेल, कारण तेव्हा तुझ्याजवळ सांगायला खात्रीची गोष्ट असेल.

विज्ञानाची गोडी असेल, तर मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीच्या विद्यार्थ्यांसाठी असते. तू पुढच्या वर्षी तिला बसू शकशील. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि पुढे प्रकल्प व मुलाखत असते. नेटकी नोंद ठेवण्याची सवय तिथेही उपयोगी पडते. परंतु दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू करू नकोस.

येत्या आठवड्यात मधल्या सुट्टीत क्रीडाशिक्षकांना भेट आणि सराव सामन्याचा स्कोअर लिहू द्याल का, असे विचार. एकट्याने बोलायला संकोच वाटला, तर संघातील एखाद्या मित्राला बरोबर घे. तू लिहिलेल्या एका पूर्ण सामन्याची पाने सोबत ने आणि नेण्यापूर्वी फलंदाजांच्या धावा व अवांतर धावा मिळून एकूण धावसंख्येशी जुळतात का, हे एकदा तपासून घे.