भाऊ सुटून येतोय, त्याला ठेवू कुठं?

प्रश्न : बांधाच्या भांडणात खून झाला, त्यात माझा धाकटा भाऊ 14 वर्षं आत आहे. आधी हर्सूलला होता, आता पैठणच्या खुल्या कारागृहात. पुढच्या महिन्यात सुटतोय. आई-वडील वारले, त्याची बायको माहेरी गेली ती परत आलीच नाही. माझी बायको म्हणते, घरात तरण्या लेकी आहेत, त्याला शेतातल्या आखाड्यावर राहू द्या. काय करावं, ताई?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : दादा, वहिनींवर रागावू नका, लेकींच्या आईला धास्ती वाटणारच. पण हा आखाडा त्याच बांधाला लागून आहे का? असेल, तर तिथं त्याला एक रात्रही ठेवू नका. रोज उठून तोच बांध बघायचा, आणि पलीकडं मयताची लेकरं कामाला आलेली! त्यांनी तरी ते कसं सोसावं?

मी परिविक्षा अधिकारी होते. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर एकदा एक सुटलेला माणूस भेटला. पॅन्ट ढिली झालेली, कमरेला सुतळी. सुटकेचा कागद कॅरीबॅगमध्ये गुंडाळून बनियनच्या आत ठेवलेला. गावी जाऊन आला होता, घराला दुसऱ्याचं कुलूप होतं. चार रात्री बाकड्याखाली झोपला. सुटकेच्या दिवशी गेटवर घरचं कुणी असतं, तर त्याच्यावर ही वेळ आली नसती. म्हणून तुम्ही स्वतः पैठणला जा.

त्याआधी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा, सुटलेल्यांना मदत करण्याचं काम त्यांच्याकडं असतं. आत केलेल्या कामाच्या मजुरीचा हिशेब भावाला निघतानाच घ्यायला सांगा. रेशनकार्डातून त्याचं नाव कमी झालं असेल, तर तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज द्या.

आणखी एक, टोचलं तरी लिहिते. वडिलांच्या घरातला, जमिनीतला त्याचा वाटा या शिक्षेनं जात नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं नाव लागलंय का? नसेल तर तलाठ्याकडं जा. तो आत आहे तोवर वकील मोफत मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं विचारा.

पैठणला शेतीकाम केलं असेल, तर दुसऱ्या गावात सालगडी म्हणून राहता येईल. राहायला खोलीही मिळते. पण साल मोडलं की खोली जाते, पाडव्याला माणूस पुन्हा रस्त्यावर. म्हणून कागदावर पत्ता तुमच्या घरचाच राहू द्या, सणावाराला बोलवा. पहिल्या दिवशी तरी ताट घरात वाढा, लेकींसमोर. कुठं राहायचं ते त्यालाही विचारा, अजून कुणी विचारलेलं दिसत नाही.

आणि तो यायच्या आधी गावातल्या एका जाणत्याला घेऊन मयताच्या घरी जाऊन या. तो येतोय, हे त्या माउलीला पाणवठ्यावर कळू नये.