एका दिवशी एकच सिनेमा बघ

आंतरधर्मीय प्रेमाचे सिनेमे बघायला घेतोयस, तर मणिरत्नमच्या 'बॉम्बे'पासून (१९९५) सुरुवात कर. सिनेमा मुळात तमिळ आहे. जमलं तर तमिळच बघ, सबटायटल्स लावून. रेहमानच्या संगीतात इतकं गुंतायला होतं की एक जागा हमखास निसटते. समुद्राकाठच्या किल्ल्यावर हिंदू नायक शेखरकडे धावताना मुसलमान नायिका शैला बानूचा बुरखा जहाजाच्या नांगरात अडकतो. ती झटका देते, बुरखा तिथेच राहतो आणि ती पुढे धावते. तेवढं मागे नेऊन दोनदा बघ.

पुढे जुळी मुलं होतात, कबीर नारायण आणि कमाल बशीर. दोन्ही आजोबांची नावं नातवांत आली. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीत जमाव याच पोरांवर रॉकेल ओतून धर्म विचारतो. मला अजूनही तो प्रसंग सलग बघवत नाही.

त्यानंतर दीपा मेहतांचा '१९४७ अर्थ' (Earth, म्हणजे पृथ्वी) घे. फाळणीच्या वेळचं लाहोर, हिंदू आया, तिच्यावर जीव लावणारे दोन मुसलमान तरुण, आणि हे सगळं बघणारी लेनी ही पारशी मुलगी. कथा आधी वाचू नकोस. आणि हे दोन्ही एका दिवशी मुळीच बघू नकोस, मध्ये आठवडा तरी जाऊ दे.