खिडकी उघडी ठेवावी की बंद? क्षयरोग, न्यूमोनिया आणि ग्वाल्हेरची हिवाळी हवा

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात तुम्ही तळमजल्यावर राहता, सासूबाईंना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान होऊन तीन आठवड्यांपासून औषधे सुरू आहेत, चार वर्षांच्या मुलाला लागोपाठ दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आहे आणि यजमान दगड कापण्याच्या कारखान्यात काम करतात. दवाखान्यात खिडक्या उघड्या ठेवायला सांगितले, तर शेजारी म्हणतात की बाहेरची हवा विषारी आहे, खिडक्या बंद करा. त्यातून तुम्ही विचारले आहे की हे आजार जंतूंमुळे होतात की हवेमुळे. मी डॉक्टर नाही. एका सरकारी क्षयरोग केंद्राच्या प्रयोगशाळेत थुंकीचे नमुने तपासण्यात माझी नोकरीची सारी वर्षे गेली, त्यामुळे उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांकडेच राहू द्यावा. पण हवा आणि जंतू यांच्या नात्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहितो.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती थांबण्यासारखी नाही. सासूबाईंचा क्षयरोग आणि मुलाचा न्यूमोनिया या दोन गोष्टी तुम्ही वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्या आहेत. त्या वेगळ्या असतीलही, पण तसे गृहीत धरता येत नाही. लहान मुलांमधील क्षयरोग पुष्कळदा पुन्हा पुन्हा होणाऱ्या किंवा पूर्ण बरा न होणाऱ्या न्यूमोनियासारखाच दिसतो. घरात फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण असेल तर पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाची तपासणी व्हायलाच हवी, मग त्याला खोकला असो वा नसो. एवढी लहान मुले बेडका बाहेर टाकत नाहीत, गिळून टाकतात. म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातील द्रव घ्यावा लागू शकतो, आणि ते ऐकून घाबरू नये. तपासणीत क्षयरोग आढळला नाही तर प्रतिबंधक औषध दिले जाते आणि ते राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळते. जन्मतः बीसीजी टोचले आहे, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. ती लस मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून बालकांचे चांगले रक्षण करते, फुप्फुसाच्या क्षयापासून तिचे संरक्षण तितके भरवशाचे नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. धूर किंवा धूळ क्षयरोग निर्माण करत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला, आणि त्या जंतूशिवाय क्षय होत नाही. पण तोच जंतू श्वासावाटे आत गेलेल्या बहुसंख्य माणसांना आयुष्यभर क्षय होत नाही, कारण फुप्फुसाला स्वतःची राखण असते. हवेचा प्रश्न येतो तो इथे. आपल्या श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक, सतत हलणारे केसांसारखे तंतू असतात आणि त्यांच्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. आत आलेली धूळ आणि जंतू त्या थरात अडकतात व तंतूंच्या लाटांबरोबर हळूहळू वर, घशाकडे ढकलले जातात. तंबाखूचा, लाकडाचा, कोळशाचा किंवा डिझेलचा धूर या तंतूंची हालचाल मंदावतो आणि ते झडूही लागतात. जे कण त्यातून निसटून वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांपर्यंत, पोहोचतात, त्यांना गिळून टाकण्याचे काम भक्षक पेशी करतात. अडीच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण, ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो, नेमके तिथवर जातात. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली तर हे कण किती बारीक असतात याची कल्पना येईल.

सूक्ष्मदर्शकाखाली मी या भक्षक पेशी हजारो वेळा पाहिल्या आहेत. क्षयाचे जंतू शोधण्यासाठी आम्ही नमुना रंगवत असू, तेव्हा निळ्या पार्श्वभूमीवर जंतू लाल दिसत. पण चुलीपाशी आयुष्य काढलेल्या बायकांच्या आणि विडी ओढणाऱ्या माणसांच्या नमुन्यांत त्या पेशींच्या पोटात काळे ठिपके गच्च भरलेले असत. तो कार्बन होता. २००६ साली इंग्लंडमधील लेस्टर शहरातल्या निरोगी मुलांच्या अशाच पेशी तपासल्या गेल्या, तेव्हा ज्यांच्या पेशींत कार्बन अधिक होता त्यांच्या फुप्फुसांची क्षमता कमी आढळली. काजळीने भरलेली पेशी जंतूंना नीट गिळू शकत नाही आणि गिळलेल्यांना मारण्याची तिची ताकदही घटते, हे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. क्षयाचा जंतू तर या पेशीच्या आतच घर करून राहतो. तिची ताकद कमी होणे हीच त्याला संधी असते.

मात्र इथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की सगळे पुरावे सारख्या वजनाचे नाहीत. धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न करणाऱ्याच्या दुपटीहून अधिक असतो, हे पक्के आहे. मुलांच्या श्वसनविकारांबाबत अमेरिकेतील युटा खोऱ्याचे उदाहरण मला विसरता येत नाही: तिथला पोलाद कारखाना कामगारांच्या वादामुळे १९८६-८७ मध्ये वर्षभर बंद राहिला, आणि कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत न्यूमोनिया, ब्राँकायटिस व दमा अशा विकारांसाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद असतानाच्या हिवाळ्यापेक्षा दोन ते तीन पट होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते घरातील धुरामुळे बालकांना श्वसनमार्गाचा गंभीर संसर्ग होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. पण ग्वाटेमालात धुराडे असलेल्या चुली देऊन केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर न्यूमोनिया कमी झाला तरी एकूण न्यूमोनियातली घट निर्विवाद ठरली नाही. आणि भारतासह (आपल्याकडे तमिळनाडूत) चार देशांत गॅसच्या शेगड्या देऊन केलेल्या, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तान्ह्या बाळांच्या गंभीर न्यूमोनियात लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ धूर निरुपद्रवी आहे असा मी घेत नाही. पोषण, लसीकरण, घरातली दाटी आणि गल्लीतला धूर हे सगळे एकत्र काम करतात, आणि एकच गोष्ट बदलून मुलाचे पूर्ण रक्षण होईल अशी अपेक्षा ठेवू नये, असा मी घेतो. म्हणून न्यूमोकोकल लसीचे (न्यूमोनियाच्या एका प्रमुख जंतूविरुद्धची लस) दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांतले डोस मुलाला मिळाले होते का, हे कार्डावर पाहा आणि राहिले असतील तर डॉक्टरांना विचारा.

शेजाऱ्यांची भीती निराधार नाही. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातील शहरांचे जे आकडे प्रसिद्ध केले त्यांत ग्वाल्हेरची पीएम २.५ ची वार्षिक सरासरी घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम होती आणि आपले शहर यादीत अगदी वरच्या ओळींत होते. आपल्या देशाचे वार्षिक मानक ४० आहे आणि संघटनेने २०२१ पासून तर केवळ ५ सुचवले आहे. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ग्वाल्हेरचा समावेश झाला तो याच कारणाने. रस्त्यांची धूळ, वाहने, जाळला जाणारा कचरा आणि डबरा गावाकडे भात निघाल्यावर पेटवली जाणारी पराळी, म्हणजे शेतात उरलेला पेंढा, या सगळ्याचा धूर थंडीत जमिनीलगत साचतो, कारण रात्री जमिनीजवळची हवा गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. सूर्य वर आल्यावर, साधारण अकरा-बारानंतर, ते झाकण सुटते. दुपारी हवा सर्वांत बरी असते आणि दिवेलागणीनंतर ती पुन्हा बिघडत जाते.

तुमच्या खिडकीचे उत्तर यातच आहे. क्षयरुग्णाच्या खोकल्यातून निघणारे अतिसूक्ष्म थेंब बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात, आणि वाहती हवा हा त्यांच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारे-खिडक्या उघडल्यावर खोलीतील हवा तासाला सुमारे २८ वेळा बदलत होती, तर यंत्राने हवा खेळवलेल्या खास खोल्यांत ती १२ वेळाच बदलत होती. आणि उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. आपल्या जुन्या वाड्यांची उंच छते आणि मधला चौक या बाबतीत खरोखरच मोलाचे आहेत, त्यांच्यावर प्लास्टिकचे छप्पर घालून ते बंद करू नका. सासूबाईंची खोली शक्यतो वरच्या मजल्यावर किंवा चौकाकडे उघडणारी असावी, दुपारी तिच्या समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडाव्यात आणि त्यांना चौकातल्या उन्हात बसू द्यावे. रात्रीही त्यांच्या खोलीची एक खिडकी थोडी उघडी असावी. बाहेरच्या धुराचे नुकसान महिन्या-वर्षांनी मोजावे लागते, तर बंद खोलीतील जंतूंचा धोका त्याच रात्रीचा असतो; दोन्हींत निवड करावी लागली तर मी जंतू बाहेर घालवणे निवडेन. मुलाने मात्र सध्या वेगळ्या खोलीत झोपावे, आणि रस्त्याकडची खिडकी असेल तर ती संध्याकाळी बंद करावी. औषधे नियमित घेतली तर पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाकडून होणारा संसर्ग पुष्कळ कमी होतो, पण औषधे लागू पडत आहेत हे तपासणीने कळेपर्यंत त्यांनी मुलाजवळ मास्क लावावा.

खोलीत कोळशाची शेगडी, जिला इथे सगळे सिगडी म्हणतात, पेटवू नका. डासांची कॉइल आणि देवघरातली सततची उदबत्तीसुद्धा या काही महिन्यांपुरती बंद ठेवा, निरांजन पुरेल.

यजमानांबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते. आपल्या भागातला दगड वालुकाश्म आहे, म्हणजे बहुतांशी गारेचा (क्वार्ट्झचा, जे सिलिकाचेच खनिज आहे), आणि तो कोरडा कापला की सिलिकाची जी धूळ उडते ती भक्षक पेशींना नुसती भरत नाही, मारते. त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही, काम सोडल्यावरही वाढू शकतो, आणि ज्याला तो आहे त्याला क्षय होण्याचा धोका इतरांच्या कित्येक पट असतो. घरात क्षयरुग्ण असताना हे दुहेरी संकट आहे. छातीचा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी त्यांनीही याच आठवड्यात करून घ्यावी आणि कोणत्या धुळीत किती वर्षे काम केले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. ते न सांगितल्यामुळे सिलिकोसिसलाच क्षय समजून उपचार झालेली माणसे मी पाहिली आहेत. तोंडाला बांधलेला गमछा ही धूळ अडवत नाही, घट्ट बसणारा एन-९५ मास्क बऱ्याच अंशी अडवतो, पण खरा फरक पडतो तो पात्यावर पाणी सोडून ओला दगड कापल्याने. कायद्याने सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेला आजार आहे, हे मालकांशी बोलताना त्यांना माहीत असावे. कामाचे कपडे बाहेरच बदलून, आंघोळ करूनच त्यांनी मुलाला जवळ घ्यावे.

मुलाला प्रतिबंधक औषध सुरू झाले तर दर महिन्याला त्याचे वजन करून घ्या आणि कार्डावर लिहून ठेवा. औषधाची मात्रा वजनावर ठरते, आणि वजन वाढत नसेल किंवा घटत असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवायला न्या.